एका दिवसाची राजधानी

परदेशीं असलेल्या माणसाचें पत्र आलें म्हणजे घरांत एक लहानसा सण होतो, असा आमच्या पिढीचा अनुभव आहे. हल्लीं भ्रमणध्वनीवर चेहरा दिसतो, आवाजहि ऐकूं येतो. त्यामुळें पत्राची वाट पाहण्याचें कारणच उरलेलें नाहीं. तरी आमच्या पुतण्यानें एक जुनी चाल मोडलेली नाहीं. वर्षांतून तीन-चार वेळां तो कागदावर पत्र लिहितो, आणि रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर तें माजघरांत सर्वांसमक्ष वाचलें जातें.

ह्या खेपेच्या पत्रांत त्यानें लिख्टेनश्टाइन नांवाच्या एका चिमुकल्या देशाच्या राजधानीचें वर्णन केलें होतें. स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया ह्यांच्या सांदींत बसलेला हा देश अवघा १६० चौरस किलोमीटरांचा. लोकवस्ती चाळीस हजारांच्या आसपास. फाडुत्स ही त्याची राजधानी. तिची वस्ती सहा हजारांहूनहि कमी. तेथें विमानतळ नाहीं, गांवाला स्वतःचें रेल्वे-स्टेशनहि नाहीं. डोंगराच्या उतारावर राजवाडा, आणि त्याच्या पायथ्याशीं एक मुख्य रस्ता, एवढाच काय तो विस्तार. राजघराणें त्या वाड्यांत अद्याप राहतें, म्हणून तो प्रवाशांना आंतून पाहतां येत नाहीं. त्यांचा राष्ट्रीय सण १५ ऑगस्टला असतो, हें वाचून घरांतल्या मुलांना मोठी मौज वाटली.

पत्राच्या अखेरीस मात्र त्यानें लिहिलें होतें, ‘‘एवढासा देश, परंतु आपली राजधानी ह्या लोकांनीं किती जपली आहे! एका दिवसांत पाहून व्हावें आणि जन्मभर आठवावें, असें एक तरी गांव आपल्याकडे आहे काय?’’

ह्यावर माजघरांत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. आम्हीं मनांतल्या मनांत मोठमोठ्या शहरांचीं नांवें घेऊन पाहिलीं. पण एका दिवसांत पाहून होणारें त्यांत एकहि नव्हतें. इतक्यांत वहिनी म्हणाल्या, ‘‘जुन्नर नाहीं का?’’ वहिनींचें माहेर घोडेगांवचें, म्हणजे शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतलें. माहेरचा अभिमान म्हणून आम्हीं तें हसण्यावारी नेलें. रात्रीं पडल्या पडल्या विचार करूं लागलों, तेव्हां वाटलें कीं वहिनींचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. जुन्नर ही एके काळीं राजधानी होती, आणि एकदां नव्हे, दोनदां होती. अष्टविनायकांच्या निमित्तानें आम्ही त्या बाजूला तीन वेळां जाऊन आलों होतों. पण लेण्याद्रि व ओझर येथें दर्शन घेऊन परत फिरण्यापलीकडे आम्हीं कधीं कांहीं पाहिलें नव्हतें.

पुढल्याच रविवारीं पहांटे आम्ही निघालों. बरोबर वहिनी, पुतण्याची धाकटी बहीण, व आमची नऊ वर्षांची नात. नातीनें एक वही घेतली होती. काकाला उत्तर आपण लिहिणार, अशी तिची प्रतिज्ञा होती. चाकण व राजगुरुनगर मागें टाकून मोटार मंचराजवळ आली, तेव्हां उजाडूं लागलें होतें. आतां आपण आंबेगांव तालुक्यांत आलों, असें वहिनींनीं सांगितलें. त्यावर नातीनें विचारलें, ‘‘मग आंबेगांव कोठें आहे?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘पाण्याखालीं.’’ आणि तें खरेंच आहे. घोड नदीवर डिंभें येथें धरण झालें, त्याच्या जलाशयांत मूळचें आंबेगांव बुडालें. तालुक्याचें काम पूर्वीपासून घोडेगांवाहून चालतें, आणि तालुक्याला नांव मात्र बुडालेल्या गांवाचें राहिलें. गांव गेलें तरी नांव मागें राहतें, ही गोष्ट त्या दिवशीं पहिल्यानें येथें ध्यानांत आली. पुढें ती निराळ्या रीतीनें पुन्हां भेटावयाची होती.

नारायणगांवाहून डावीकडे वळल्यावर थोड्याच वेळांत शिवनेरी दिसूं लागते. कुकडी नदीच्या कांठचें जुन्नर, आणि त्याच्या पश्चिमेस सुमारें हजार फूट उंच उठलेला हा किल्ला, ही मांडणी पाहिल्याबरोबर पुतण्याच्या पत्रांतली राजधानी आठवली. वर वाडा व खालीं गांव, तसाच वर किल्ला व खालीं पेठ. फरक इतकाच कीं, तेथल्या वाड्यांत अद्याप राजा आहे, आणि आमच्या किल्ल्यावर आतां मनुष्य आहे तो दर्शनाला आलेला.

ऊन वाढण्यापूर्वीं चढून जावें म्हणून आम्हीं आधीं किल्लाच घेतला. सात दरवाजे ओलांडून वर जावें लागतें. वाटेंत शिवाई देवीचें दर्शन होतें. माथ्यावर धान्याचा अंबरखाना, गंगा-जमुना हीं कातळांत खोदलेलीं पाण्याचीं टांकीं, बदामी तलाव, आणि ज्या वास्तूंत १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवाजी महाराजांचा जन्म झाला, ती वास्तु. तेथें नातीनें आपण होऊन चपला काढून हात जोडले. तिला आम्हीं एक गोष्ट सांगितली, ती पुष्कळ मोठ्या माणसांनाहि ठाऊक नसते. ज्या किल्ल्यावर महाराजांचा जन्म झाला, तो किल्ला महाराजांच्या हयातींत स्वराज्यांत कधींच आला नाहीं. १६५७ सालीं त्यांनीं रात्रीच्या वेळीं जुन्नर शहरावर छापा घातला व मोंगलांचा खजिना आणि घोडे नेले. पण वरचा किल्ला हातीं लागला नाहीं. किल्ल्यावर एक चौथरा आहे, त्याला कोळी चौथरा म्हणतात. १६५० च्या सुमारास ह्या मुलुखांतील महादेव कोळ्यांनीं मोंगलांविरुद्ध बंड केलें; तें मोडल्यावर पकडलेल्या लोकांचा शिरच्छेद येथें झाला, असें सांगतात. जन्मस्थानाकडे जाणारे पुष्कळ, ह्या चौथऱ्यापाशीं थांबणारे थोडे. २०२५ सालीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशांत स्थान मिळालें, त्यांत शिवनेरी आहे. आतां तरी येणाऱ्यांचे पाय येथें घटकाभर थांबतील, अशी आशा आहे.

माथ्यावरून चारी दिशांना पाहिलें म्हणजे हें गांव राजधानी कां झालें तें पुस्तकावांचून कळतें. पश्चिमेस सह्याद्रीचा कणा, व त्यांत नाणेघाटाची खिंड. कल्याण व सोपारें ह्या बंदरांत उतरलेला माल त्या खिंडीनें वर चढे, जुन्नरास विसांवा घेई, आणि पुढें पैठणाकडे जाई. घाटाच्या माथ्यावरील गुहेंत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण ह्यांची त्यांत आंकड्यांसकट नोंद आहे. तेथें राजघराण्यांतील माणसांच्या मूर्ति होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा व वरचीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी लोकवार्ता आहे. नाणेघाट जुन्नरापासून आठ-दहा कोस असल्यामुळें तो आम्हीं दुसऱ्या दिवसासाठीं राखून ठेविला.

ह्या वाटेच्या जोरावर जुन्नर मोठें झालें. पुढें बहामनी राज्य मोडकळीस आलें, तेव्हां येथला सुभेदार मलिक अहमद १४९० सालीं स्वतंत्र झाला, आणि निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर ठरली. पण त्याचा डोळा दौलताबादेवर होता. ती जवळ पडावी म्हणून त्यानें १४९४ सालीं अहमदनगर वसविण्यास प्रारंभ केला, व राजधानी तिकडे गेली. शंभराहून अधिक वर्षांनीं, अहमदनगर मोंगलांनीं घेतल्यावर, मलिक अंबरानें १६०७ च्या सुमारास गादी पुन्हां जुन्नरास आणिली; थोड्याच वर्षांत ती दौलताबादेकडे हलली. म्हणजे दोनदां मिळालेलें राजपद ह्या गांवानें दोनदां गमावलें, आणि तरीहि तें गांव आज आहे, बाजार भरतो आहे, मुलें शाळेंत जात आहेत.

येथें आम्हांला पुतण्याच्या राजधानीची एक गंमत आठवली. लिख्टेनश्टाइनचें राज्य १७१९ सालीं स्थापन झालें; पण त्याचे राजे फाडुत्सला कायमचे राहावयास आले ते १९३८ सालीं. दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या राजधानींत राजाच राहत नव्हता! तेव्हां राजा राहतो म्हणून गांव टिकतें, ही समजूत खरी नव्हे. मग तें कशानें टिकतें? ह्या प्रश्नाचें उत्तर दुपारीं मिळावयाचें होतें.

किल्ला उतरून आम्ही पेठेंत आलों. एके काळीं ह्या गांवचा हातकागद, ज्याला जुन्नरी कागद म्हणत, दूरवर प्रसिद्ध होता, आणि जुन्या दप्तरांतून तो अजून टिकून आहे. जेवावयास एका खाणावळींत बसलों. तेथला प्रमुख पदार्थ मासवडी, हें ऐकून पुतणीनें घाबरून आमच्याकडे पाहिलें. वहिनींनीं हसून तिची समजूत घातली, ‘‘अग, त्यांत मासा नाहीं. बेसनाच्या वेष्टणांत तीळ-खोबऱ्याचें सारण. आकारावरून तें नांव.’’ सोबत झणझणीत रस्सा व बाजरीची भाकरी. वहिनींनीं तर माहेरच्या चवीची म्हणून दोनदां मागून घेतली.

जेवतांना नातीला आम्हीं एका परदेशी पाहुण्याची गोष्ट सांगितली. तुझा काका फाडुत्सला गेला, तसा युरोपांतला एक मनुष्य साडेपांचशें वर्षांपूर्वीं जुन्नरास आला होता. त्याचें नांव अफनासी निकितीन. रशियांतील त्वेर गांवचा व्यापारी. १४७० च्या आसपास तो एक घोडा विकावयास घेऊन आला आणि पावसाळाभर येथें अडकला. रात्रंदिवस पाऊस व सगळीकडे चिखल, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. जुन्नरच्या खानानें त्याचा घोडा काढून घेतला, आणि धर्म बदललास तर घोडा परत देऊं, वर हजार सुवर्णनाणीं देऊं, असें सांगितलें. मुदत चार दिवसांची. खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थानें रदबदली केली, आणि निकितीनचा घोडा व धर्म दोन्ही वांचले. ही हकीकत ऐकून नातीनें वहींत घोड्याचें चित्र काढलें.

ऊन उतरूं लागल्यावर आम्ही कुकडी ओलांडून लेण्याद्रीस आलों. पायऱ्या तीनशेंच्या घरांत आहेत. डोली करावी असें आम्हीं सुचविलें. पण ‘‘माहेरच्या देवाला का कोणी खांद्यावर बसून जातें?’’ असें म्हणून वहिनी थांबत थांबत चालतच आल्या. गिरिजात्मजाचें स्थान म्हणजे सातवें लेणें. एवढ्या विस्तीर्ण सभामंडपांत एकहि खांब नाहीं, आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. मूळचा हा बौद्ध भिक्षूंचा विहार होय. दर्शन झालें. पूर्वीं तीन वेळां आम्ही येथूनच उतरलों होतों. ह्या वेळीं शेजारच्या सहाव्या लेण्यांत गेलों.

तें चैत्यगृह आहे. दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा, आणि टोंकाला स्तूप. ह्या लेण्यांत ब्राह्मी लिपींतील एक लेख आहे. त्याचा अर्थ असा कीं, कल्याणच्या हैरण्यिकाचा पुत्र सुलसदत्त ह्यानें हें चैत्यगृह दान दिलें. कल्याणचा धनिक नाणेघाट चढून येतो आणि डोंगरांत मंदिर कोरवून देतो! जुन्नरच्या भोंवतीं चार डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक खोदकामें आहेत, आणि त्यांतील दानलेख वाचले म्हणजे राजेलोकांचीं नांवें क्वचितच आढळतात. एके ठिकाणीं महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याचें नांव आहे. बाकीचे दाते बहुतेक साधे गृहस्थ. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दिलें. बांबूचें काम करणारे व कांसार ह्यांच्या श्रेणींचाहि उल्लेख आहे. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टांकीं दिलीं. चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक, ग्रीक किंवा त्यांच्याशीं संबंध असलेले, असें विद्वान् मानतात. निकितीनच्या तेराशें-चौदाशें वर्षें आधीं परदेशी माणसें ह्या गांवीं आलीं, राहिलीं, आणि येथल्या भिक्षूंना प्यावयास पाणी देऊन गेलीं.

सकाळच्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें. गांव टिकतें तें राजाच्या गादीमुळें नव्हे. वाट, बाजार आणि पाणी ह्यांमुळें, व तीं राखणाऱ्या माणसांमुळें. राजे आले आणि गेले. इरिलाचें नांव मात्र पाण्याच्या टांक्याबरोबर राहिलें.

हें सर्व आम्ही नातीला मोठ्या उत्साहानें सांगत होतों, आणि ती वहींत दोन रकाने आंखून लिहीत होती: एकांत नांव, दुसऱ्यांत दान. लिहितां लिहितां ती पुढच्या एका रिकाम्या विहारांत शिरली आणि तेथून तिनें हांक मारली, ‘‘अप्पाआजोबा, येथें पुष्कळ नांवें आहेत! हीं तर मला वाचतांहि येतात.’’

आम्ही आंत गेलों. भिंतींवर खिळ्यानें, कोळशानें, चुन्यानें लिहिलेलीं शेंकडों नांवें होतीं. कोठें नांवाभोंवतीं बदामाचा आकार, कोठें गांव व सन. नातीनें आमच्याकडे वळून अगदीं सरळ मनानें विचारलें, ‘‘ह्यांनीं काय दिलें?’’

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आणि नव्हतें ह्याचें कारण केवळ तीं नांवें लिहिणारीं माणसें अनोळखी होतीं, एवढेंच नव्हतें. वहिनी दाराशीं दम खात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुमचें तें नांवहि येथेंच ना कोठें तरी?’’ त्यांचा दोष नाहीं. आठवीच्या वर्गांत असतांना शाळेच्या सहलींत आम्हीं लेण्यांत चाकूनें आपलें नांव कोरलें, ही गोष्ट आमच्या घरांत कित्येक वर्षें पराक्रम म्हणून सांगितली गेली आहे. वहिनी लग्न होऊन आल्या, तेव्हां आम्हींच ती त्यांना मोठ्या ऐटींत सांगितली होती. पुढें लेण्याद्रीस तीन वेळां येऊनहि आम्ही ह्या बाजूला वळलों नाहीं. तें वेळ नव्हता म्हणून, असें आम्ही स्वतःला समजावीत होतों.

तें नांव शोधावें लागलें नाहीं. उजवीकडच्या खोलींत, दाराच्या आंतल्या अंगास, हाताच्या उंचीवर तें होतें. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताच्या उंचीवर. दोन आद्याक्षरें, आडनांव, आणि खालीं ‘इयत्ता ८ वी’. इतक्या वर्षांत तें पुसटहि झालेलें नव्हतें. दगडावरचें लिहिणें पुसत नाहीं, म्हणूनच तर सुलसदत्तानें दगड निवडला. नातीनें तें वाचलें. आडनांव ओळखलें. ती कांहीं बोलली नाहीं, आणि तिनें कांहीं बोलावें असें आम्हांलाहि वाटलें नाहीं.

उतरतांना वहिनींनीं आपण होऊन विषय काढला. ‘‘लहानपणीं कोण चुकत नाहीं? पण भाऊजी, ती गोष्ट आतां मुलांना हंसून सांगूं नका.’’ आम्हीं मान्य केलें. पुतण्यानें पत्रांत विचारलेल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आमच्यापाशीं होतें. उरलेलें अर्धें त्या भिंतीवर होतें. त्या लोकांनीं आपलें गांव जपलें ह्यांत त्यांच्या राजाचा पराक्रम किती व घराघरांतल्या शिस्तीचा किती, ह्याचा विचार करावयास हवा. पुरातत्त्व खात्याचे फलक व पहारे कितीहि वाढले, तरी ज्या घरांत भिंतीवर कोरलेल्या नांवाचें कौतुक होतें, त्या घरच्या मुलाच्या हातांतला चाकू पहारेकरी किती ठिकाणीं धरणार?

वाचकांपैकीं ज्यांना जुन्नरास जावयाचें असेल, त्यांना आमचें इतकेंच सांगणें आहे. पुण्याहून तें सुमारें ९५ किलोमीटर. पहांटे निघावें, किल्ला आधीं करावा, लेण्याद्रीला दुपार ठेवावी, आणि दर्शनानंतर चैत्यगृहांत निदान अर्धा तास काढावा. मुलांना बरोबर न्यावें. जाण्यापूर्वीं दोन-चार दानलेखांचा अर्थ घरींच वाचून घ्यावा, म्हणजे काळ्या कातळांत माणसें दिसूं लागतात. वडील मंडळींनीं आपल्या लहानपणच्या सहलींची आठवण सांगतांना ती नीट तपासून सांगावी.

परत येतांना मंचराच्या पुढें अंधार पडला आणि नात झोंपली. घरीं आल्यावर पुतण्याला पत्र गेलें. जुन्नरचें वर्णन आम्हीं लिहिलें, आणि नातीनें आपल्या वहींतलें पान तसेंच फाडून सोबत जोडलें. पाकीट बंद करण्यापूर्वीं आम्हीं तें वाचलें. सुलसदत्त, चैत्यगृह. धान्याचे व्यापारी, सात खोल्या व एक टांकें. इरिल, दोन टांकीं. चिट, भोजनमंडप. राणी नागनिका, गाई, घोडे, हत्ती. आणि सर्वांच्या शेवटीं, तितक्याच काळजीपूर्वक अक्षरांत, अप्पाआजोबा. त्यापुढचा रकाना तिनें मोकळा ठेविला आहे.